नाव घातलेली भांडी

परवा प्रशांत आला. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. हिंगोलीत मोबाइलचं दुकान आहे त्याचं. एरवी हा पोरगा घरात शिरायच्या आधी गल्लीच्या तोंडापासून "आत्या, काय केलंय खायला?" म्हणून ओरडतो. परवा मात्र गपचूप येऊन ओट्यावर बसला. चहा दिला तर बशीत ओतून नुसताच बघत राहिला. मी म्हटलं, "अरे, चहा आहे तो, औषध नाही." तेव्हा म्हणाला, "आत्या, दार लोटून घे जरा." लोटलं. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "वकील म्हणून राहिला की नादारीचा अर्ज टाका. बँकेचे हप्ते थकले, फायनान्सवाले दुकानात येऊन बसतात, भिशीवाले घरी येतात. दुसरा रस्ता न्हाई म्हणतो."

मला हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते, पण आलं खरं. प्रशांतला राग आला. "तुला हसायला काय झालं? माझ्या तोंडचं पाणी पळालंय." मी म्हटलं, "बाबा, हा शब्द आपल्या घरात पहिल्यांदा नाही आला. तुझ्या आजोबांनी भर बाजारात दिवसाढवळ्या दिवाळं काढलं होतं. आणि दार लोटून नाही, दार सताड उघडं टाकून." त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याचा बाप तेव्हा मायच्या कडेवर होता, आणि पुढं कोणी त्याला सांगितलं नसणार. वर प्रशांतचा प्रश्न असा, की सगळे आत्ताच कसे बुडून राहिले? वकिलाच्या ओट्यावर कापडवाला, कृषी केंद्रवाला, हॉटेलवाला, सगळे ओळीनं बसलेले. सोयाबीनला भाव नाही, गिऱ्हाईक नाही हे खरं, पण कर्ज तर चांगल्या सालातही असतंच की. मला त्याचं उत्तर माहीत होतं. मी ते सोळाव्या वर्षी आमच्या दुकानात बसून शिकले होते. त्याला तेव्हा जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथं लिहिते.

शिरड शहापूरला बाजाराच्या रस्त्यावर आमचं भांड्यांचं दुकान होतं. पुढं दुकान, मधे फळ्यांची भिंत, मागं घर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू आणि आईला माय. दुकानात पितळेची भांडी: घागरी, हंडे, कळश्या, पराती, तांबे, समया. सकाळी ऊन दुकानात शिरलं की मागच्या चुलीपाशी बसलेल्या मायच्या तोंडावर फळ्यांच्या फटींतून पिवळा उजेड पडायचा आणि ती म्हणायची, "झालं, आले सूर्यनारायण व्यापाराला." आमच्या घरात भाकरी थापायचा आवाज आणि भांड्यावर नाव घालायचा आवाज एकदमच चालू व्हायचा. इकडं माय थापतेय, तिकडं अण्णांची छिन्नी. हातोडी बोटभर, छिन्नी त्याहून बारीक. एकेक ठिपका ठोकत ठोकत अक्षर व्हायचं. आज दुकानात मशीन असतं, सर्रकन नाव काढून देतं आणि अक्षर कसं, डॉक्टरानं लिहिल्यासारखं! आमचं अक्षर ठिपक्यांचं, पण आंधळ्यानं बोट फिरवलं तरी वाचता यावं असं. माझं अक्षर चांगलं म्हणून अण्णांनी मला दहाव्या वर्षीच छिन्नी हातात दिली. माय कुरकुरली, "पोरीच्या जातीला ठोकाठोकी शिकवून काय करता?" अण्णा म्हणाले, "लाटणं तू शिकव, हे मी शिकवतो. दोन्ही येऊ दे." शाळेतून आले की मी येसरची आमटी आणि भाकरी चुरून खायची आणि थेट गोणपाटावर बसायची, मांडीत घागर घेऊन. घागर मांडीत घेतली की ठोका पोटात वाजतो. अजूनही कुठं ठक्‌ठक्‌ ऐकू आली तर माझ्या पोटात वाजते.

आता आमच्या धंद्याची रीत सांगायला पाहिजे, कारण आम्ही बुडालो ते तिच्यामुळंच. पोरीचं लग्न ठरलं, सुपारी फुटली, की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोरीचे आईबाप दुकानात यायचे. भांडी पसंत करायची, त्यांना हळदीकुंकू लावायचं, आणि तिथंच बसून त्यावर पोरीचं नाव घालून घ्यायचं. पैसे द्यायचं आणि भांडी न्यायचं काम लग्नाच्या आधी, शेतातला माल घरात आल्यावर. तोवर भांडी आमच्याच फळीवर. नाव घालायच्या आधी विसार, म्हणजे आगाऊ पैसे, मागायचा नाही. कोणी मागितला असता तर लोक म्हणाले असते, "काय हो, आमच्या पोरीचं लग्न होणार न्हाई असं वाटून राहिलं का तुमाला?" पोरीच्या लग्नाच्या बाबतीत शंका तोंडातून काढायची नाही, व्यापाऱ्यानं तर नाहीच नाही. अण्णांच्या वडिलांनी कधी विसार घेतला नव्हता, अण्णांनीही घेतला नाही. भांडी नांदेडच्या एका शेटकडून उधारीवर यायची. लग्नसराई झाली की त्याचं चुकतं व्हायचं. वर्षानुवर्षं बराबर चाललं होतं.

मग दुष्काळ पडला. त्याचं वर्णन मी करत नाही, पुष्कळांनी केलं आहे. आमच्या घरात तो ताटातून आला. ज्वारी गेली आणि रेशनची तांबडी मिलो आली. तिची भाकरी थापली की कडेनं फाटायची, तव्यावर टाकताना दोन तुकडे व्हायचे. माय म्हणायची, "हिला भाकरी म्हणायचं म्हणजे भाकरीचा अपमान." अंबाडी वाळवून ठेवलेली होती, तीच आज पातळ, उद्या घट्ट. रस्त्यावरून रोज माणसं खडी फोडायला जाताना दिसायची; त्यांत कालपर्यंत आमच्या दुकानात उशीला टेकून भाव करणारी माणसंही असायची. आम्हाला बघून मान खाली घालायची. अण्णा तेवढ्या वेळापुरते आत यायचे, म्हणजे त्यांना मान खाली घालावी लागू नये.

लग्नं लांबली. आधी म्हणाले, चैतात करू. मग वैशाखात. मग पुढच्या साली. सुपाऱ्या तर फुटलेल्या होत्या, नावं तर घातलेली होती. आमच्या फळ्या भरलेल्या. सगळीकडं पितळ चकाकतंय, आणि त्यावर दुसऱ्यांच्या पोरींची नावं. गंगूबाई, रुक्मिण, पार्वती, सगळी माझ्याच हातची अक्षरं. असं भांडं दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. परक्या पोरीचं नाव असलेली घागर कोण घेईल? मी एका तांब्यावरचं नाव विटकरीनं घासून बघितलं. तांब्याला खड्डा पडला पण ठिपके हलले नाहीत. मोडीत घालता आली असती. हिंगोलीचा मोडवाला दर बाजारला येऊन विचारायचाही. पण मोडवाला भांडं नेताना तिथंच मोगरीनं चेपून नेतो, आणि लग्न ठरलेल्या पोरीचं भांडं लग्नाआधी चेपायचं म्हणजे काय, हे आमच्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. अण्णा त्याला म्हणायचे, "पुढं हो बाबा."

आता प्रशांतचा प्रश्न. सगळे एकदमच कसे बुडतात? अरे, चांगल्या सालात कर्ज नव्हतं असं थोडंच आहे. नांदेडच्या शेटचं आमच्यावर दरसाल असायचं. पण तेव्हा एक दार लागलं तर दुसरं उघडं असायचं. गंगूबाईच्या बापानं उशीर केला तर रुक्मिणीचा बाप द्यायचा. दोघांनी केला तर अण्णा वाण्याकडून हातउसने आणायचे. तेही नाही झालं तर शेट म्हणायचा, राहू द्या हो पुढच्या खेपेला. त्या साली गंगूबाईचा बाप खडीवर, रुक्मिणीचा बापही खडीवर, वाण्याचीच उधारी सगळ्या गावाकडं अडकलेली, आणि शेटच्या मागं त्याचा कारखानदार लागलेला. सगळी दारं एकाच दिवशी लागली. कोणी लबाड नव्हतं त्यात. शेटही नव्हता. त्याचा मुनीम यायचा, बिचारा दुकानात बसून पाणी प्यायचा, मिलोची भाकरी खायचा आणि म्हणायचा, "अण्णा, मला तुमच्या दारात यायला शरम वाटून राहिली. पण मालक म्हणतो दावा लावतो." आणि दुसरी एक गोष्ट. चांगल्या सालात एकटा माणूस बुडाला की लोक त्याला गाढव म्हणतात, म्हणून तो मरेस्तोवर झाकत राहतो. वाईट सालात शेजारीही बुडालेला असतो, मग कोर्टाची पायरी चढायला पाय उचलतो. वकिलाच्या ओट्यावर सोबत असते. प्रशांतला ती सोबत दिसली आणि तो घाबरला. मी त्याला म्हटलं, "घाबरू नको, एकटा असतास तर जास्त घाबरला असतास."

शेवटी अण्णा परभणीला वकिलाकडं गेले. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आमचं मोठं कोर्ट परभणीला. मला बरोबर नेलं, कारण मला लिहायवाचायला येत होतं आणि अण्णांना वकिलाच्या तोंडातलं निम्मंच कळायचं. वकील म्हातारा, पान खाणारा, बरा माणूस होता. म्हणाला, "दाव्याचा हुकूम झाला तर धरून दिवाणी जेलात टाकतील. त्यापेक्षा नादारीचा अर्ज द्या. कोर्ट माणूस नेमील, तो दुकानातला माल लिलाव करील, येईल ते शेटला देईल, तुम्ही मोकळे. अंगावरचे कपडे, अंथरूण, बाईचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं आणि घरातली स्वयंपाकाची भांडी, याला कोणी हात लावत नाही." अण्णा म्हणाले, "वकीलसाहेब, माझा धंदाच सैपाकाच्या भांड्याचा हाये." वकील हसला, त्याला ठसका लागला, पान बाहेर आलं. मग त्यानं समजावलं, की दुकानातलं ते दुकानातलं, घरातलं ते घरातलं.

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला, कारण माझा संच घरात होता. माझं लग्न हट्ट्याला ठरलेलं होतं आणि माझी सात भांडी मायनं माळ्यावर चादरीत बांधून ठेवली होती. घागर, हंडा, कळशी, परात, ताट, तांब्या, समई. सातही भांड्यांवर "चि. सुभद्रा" हे मी स्वतः घातलेलं. घागरीवर तर नावाभोवती वेल काढली होती; इतकी बारीक वेल मी पुन्हा कधी काढली नाही. शेट काहीही नेवो, माळ्यावरचं कोणी नेणार नाही, हे वकिलानं सांगितलं म्हणून परतताना मी एस.टी.त बसून खिडकीबाहेर बघत गाणं म्हणत होते.  औंढ्याच्या फाट्याला अण्णा म्हणाले, "लिलावात भांडं ओळखायचं कसं, सुभे?" मी म्हटलं, "नावावरून." म्हणाले, "मंग नाव वाचतील ना मोठ्यानं." मी म्हटलं, "वाचतीलच." 

म्हणजे अडचण पैशाची नव्हतीच आता. अडचण ही, की लग्न ठरलेल्या पोरींची नावं बाजारात पुकारून, बोला, बोला, कोण देतो म्हणायचं. वरपक्षाची माणसं तिथंच बाजारला येणार. कोणी म्हणालं, की ह्या पोरीचं नाव लिलावात चढलं होतं, की संपलं. अण्णा म्हणाले, "मी जेलात जातो. अर्ज न्हाई देत." मायनं तवा आपटला. "जा की! लोकांच्या पोरींची नावं झाका आन् स्वतःची लेकरं उघड्यावर टाका! कडेवरचं हे लेकरू काय खाईल, पितळ?" मी मायच्या बाजूची होते. किती दिवस घरात हेच चाललं. ती बोलायची, ते ऐकायचे, मी भांडी घासायची. एके दिवशी अण्णा जेवता जेवता म्हणाले, "अर्ज देतो." मायनं त्यांच्या ताटात दुसरी भाकरी टाकली. मग म्हणाले, "पण एक हाये. सुभद्राची भांडी माळ्यावरून काढा. ती पयली लिलावात जातील."

मी ताटावरून उठले. इतकं ओरडले की कडेवरचा भाऊ रडायला लागला. "माझं काहून? वकील म्हणला घरातलं घरात राहतं! कायद्यानं माझं हाये!" अण्णा म्हणाले, "कायद्यानं तुझंच हाये. पण त्या पोरीही कायद्यानं कोणाच्या तरी हायेत. बेलीफ पयलं नाव माझ्या पोरीचं पुकारू दे. मंग कोणी म्हणणार न्हाई की व्यापाऱ्यानं आपली पोर माळ्यावर लपवली आन् आमच्या पोरी बाजारात मांडल्या. तुझं नाव पयलं गेलं की मागच्यांची लाज अर्धी होते." मी म्हटलं, "आन् हट्ट्याची माणसं?" ते म्हणाले, "हट्ट्याची माणसं घागरीशी लगीन लावून राहिली असतील तर जाऊ दे त्यांना." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. इतकी वर्षं झाली, आजही मला त्या दिवशीचा राग आठवला की कान गरम होतात. ते चूक होते असं म्हणत नाही मी. पण सोळा वर्षांच्या पोरीला विचारायचं तरी.

कोर्टाचा हुकूम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. अण्णांनी आंघोळ केली, दुकानातली गादी उलटी घातली, आणि भर बारा वाजता उन्हात दुकानाच्या उंबऱ्यावर समई पेटवून ठेवली. ही जुन्या व्यापाऱ्यांची रीत. त्यांच्या आजोबांकडून ऐकलेली. दिवसा दिवा दिसला की समजायचं, ह्या माणसानं हात वर केले. वकील नंतर म्हणाला, की याची कायद्यात काही गरज नाही. पण अण्णांचं म्हणणं, कोर्टाचा कागद परभणीला लागतो, गावाला कसा दिसेल? बाजारातली माणसं येताना दिव्याकडं बघत, थबकत आणि न बोलता पुढं जात. बायका पदर तोंडाला लावत. तांड्यावरचा लिंबाजी राठोड तेवढा आत आला. त्याच्या पोरीचं, शेवंतीचं नाव आमच्या फळीवर सगळ्यात शेवटी चढलं होतं. तो दिव्यापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "अण्णा, वारं हाये. आडोसा करू का?" आणि दिवा विझू नये म्हणून दुपार टळेपर्यंत तिथंच बसून राहिला.

लिलावाच्या दिवशी मी फळीच्या फटीतून बघत होते. पोरींनी बाहेर यायचं नव्हतं. कोर्टानं नेमलेला परभणीचा माणूस खुर्चीवर, बेलीफ पुढं, मोडवाला काटा लावून तयार. नियम असा, की मोडीच्या भावावर कोणी बोललं तर भांडं त्याचं, नाहीतर मोडवाल्याचं. अण्णा एका बाजूला हात बांधून उभे. बेलीफानं माझी घागर उचलली, फिरवून नाव शोधलं आणि ओरडला, "पितळी घागर एक! नाव सुभद्रा! बोला!" माझं नाव इतक्या मोठ्यानं मी कधीच ऐकलं नव्हतं.  अण्णांना बोली लावता येत नव्हती, आणि दुसरं कोण बोलणार? मोडवाल्यानं मोगरी उचलली. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी बोलतो." लिंबाजी. धोतराच्या सोग्यात बकऱ्या विकलेले पैसे बांधलेले होते. गाठ दातानं सोडली त्यानं.

आधी कोणाला कळलं नाही, की शेवंतीचा बाप सुभद्राच्या घागरीवर काहून बोलला. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. आपल्या पोरीच्या नावावर आपण बोली लावायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पण दुसऱ्याच्या पोरीचं भांडं घ्यायला काय हरकत? गंगूबाईचं नाव पुकारलं तेव्हा रुक्मिणीचा बाप बोलला. रुक्मिणीचं पुकारलं तेव्हा गंगूबाईचा. कोणी खडीची मजुरी आणली होती, कोणी बायकोची पाटली मोडली होती. प्रत्येकाजवळ एकेका भांड्यापुरतेच. बाकी हंडे-पराती मोडीत गेल्या, माझी बाकीची सहाही गेली. पण तोवर पुकारलेल्या प्रत्येक पोरीचं निदान एक भांडं वाचलं, आणि मागं लिंबाखाली त्यांची अदलाबदल झाली. हे घे तुझं, हे दे माझं. कोणी कोणाकडं बघत नव्हतं, पण भांडी बरोबर घरी चालली होती. कोर्टाचा माणूस खुर्चीवरून बघून म्हणाला, "हे काय चाललंय?" अण्णा म्हणाले, "काही न्हाई साहेब. बाजार हाये."

सगळ्यात शेवटी शेवंतीची घागर निघाली. "नाव शेवंती! बोला!" लिंबाजीनं मान वळवून मागं बघितलं. त्याचे पैसे माझ्या घागरीत गेले होते. त्याला वाटलं असणार, आपण सुरुवात केली, आता कोणीतरी आपल्यासाठी बोलेल. पण ज्यांची अदलाबदल झाली ते निघाले होते. राहिले त्यांचे हात रिकामे होते. आणि खरं सांगायचं तर, ती तांड्याची पोर होती; गावातल्याची असती तर कोणीतरी कुणाकडून तरी उसने घेऊन बोललं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. बेलीफ तीनदा बोलला. मग मोडवाल्यानं घागर आडवी घातली आणि मोगरी मारली. मी त्या घागरीवर ठोकलेल्या ठिपक्यांचा आवाज मला ठाऊक होता. हा आवाज वेगळा होता. अण्णा त्या सगळ्या दिवसांत रडले नव्हते, तेव्हा रडले. उभ्या बाजारात.

संध्याकाळी लिंबाजी मागच्या दारानं आला, खांद्यावर माझी घागर. मायपुढं ठेवली. "वैनी, सुभद्राची घागर. आमची न्हाई ही." माय घागरीकडं बघत राहिली. मी हात पुढं केलाच होता. इतके दिवस अण्णांना बोलणारी, स्वतःच्या लेकरांसाठी तवे आपटणारी माझी माय मला म्हणाली, "सुभे, छिन्नी आण." हत्यारं कायद्यानं घरातच राहिली होती. मी आणली. "खाली शेवंतीचं नाव घाल." लिंबाजी गडबडला. "न्हाई वैनी, आसं कसं? पोरीचं नाव हाये तिच्यावर." माय म्हणाली, "असू द्या. घागरीवर जागा लई हाये." मी गोणपाटावर बसले, घागर मांडीत घेतली. रडत होते आणि ठोकत होते. पण अक्षर वाकडं येऊ दिलं नाही. वेलीच्या आत माझं नाव, वेलीच्या खाली तिचं. काळोख पडायच्या आत लिंबाजी ती घेऊन तांड्याकडं गेला.

पुढचं थोडक्यात. पुढच्या साली पाऊस झाला, माझं लग्न हट्ट्यालाच झालं. हट्ट्याच्या माणसांनी लिलावाचं ऐकलं होतं, पण मोडलं नाही. माझ्याबरोबर ॲल्युमिनियमची घागर आली होती. सासू मात्र पहिल्या दिवशीच म्हणाली, "भांड्याच्या व्यापाऱ्याची पोर आन् जर्मनची घागर!" मी म्हटलं, "पितळेची लई जड भरते, मामी, कंबर मोडते." त्या दिवसापासून आमचं जमलं. अण्णा कर्जातून सुटले, पण दुकान पुन्हा उघडलं नाही. औंढा, हट्टा, पुसेगाव, बाजार बाजार फिरून गोणपाट टाकून नुसती नावं घालत राहिले. आमचं घर त्यावर चाललं, प्रशांतच्या बापाचं शिक्षण त्यावर झालं. मी प्रशांतला म्हटलं, "तुझे स्क्रू-ड्रायव्हर कोर्ट नेत नाही. तेवढं पुरतं. आणि ती नवी गाडी दारात झाकून ठेवली आहेस ना, ती आधी दाखव कोर्टाला." तो म्हणाला, "आत्या, ती तर बायकोच्या नावावर हाये."  मी नुसतं त्याच्याकडं बघितलं. त्यानं गार झालेला चहा पिऊन टाकला.

माझी पोरं मोठी झाल्यावर एकदा पुसेगावच्या बाजूला एका लग्नाला गेले होते. ऊन फार होतं, तांड्यावर एका घरात पाणी मागितलं. घरातली बाई माझ्याच वयाची, कपाळावर पांढरी बट, त्याच लग्नाला निघालेली. तिनं घागरीत तांब्या बुडवला आणि मी बघितलं, घागरीवर वेल. मी पाणी न पिताच घागरीपाशी बसले आणि बोट फिरवलं. खालचं नाव पार पुसट झालेलं, शे आणि व तेवढे लागत होते. वरचं माझं नाव मात्र काल घातल्यासारखं. मी म्हटलं, "बाई, तुमचं नाव गेलं की घासून." ती हसली. तिला अजून माहीत नव्हतं मी कोण. म्हणाली, "माझं जाऊ द्या. रोज राखेनं घासते ना, तव्हा वरच्या नावापाशी आलं की हात हलका करते. ते दुसऱ्याच्या लेकराचं हाये."

मी तिला नाव सांगितलं. मग आम्ही दोघी लग्नाला उशिरा पोचलो.